फलत्याग आणि फलहरण

कर्माच्या फळावर कर्त्याचा अधिकार कोठवर चालतो, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. गीतेने तो रणांगणावर उभा केला; संतांनी तो शेतमळ्यात आणि कुंभाराच्या चाकापाशी आणून बसविला; आणि विसाव्या शतकात टिळकांनी व विनोबांनी आपापल्या परीने त्याला पुन्हा वाचा दिली. तथापि जुना प्रश्न प्रत्येक काळी नव्या वेशात येतो, आणि वेश अनोळखी असला म्हणजे आतला प्रश्नही परका वाटू लागतो. २१ जानेवारी २०२६ रोजी असेच घडले. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने त्या दिवशी आपल्या कारभाराची मोठी फेररचना जाहीर केली आणि तिच्या ओघात सहा खेळांचे काम कायमचे थांबविल्याचे सांगितले. त्यांतील एक काम म्हणजे 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' या २००३ सालच्या गाजलेल्या संगणकीय खेळाची पुनर्निर्मिती होय. या पुनर्निर्मितीचा पाया ज्या हातांनी घातला ते हात पुण्याचे आणि मुंबईचे होते. म्हणून ही बातमी केवळ परदेशी बाजारपेठेची राहत नाही. तिच्यात आपल्यालाही काही विचारलेले आहे.

खेळासारख्या विषयाने गंभीर नियतकालिकाची पाने का अडवावी, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर असे की, आपल्या भाषेने या बाबतीत पूर्वीच निकाल देऊन ठेवलेला आहे. आपण नाटकाचा खेळ म्हणतो, चित्रपटाचा तीनचा खेळ म्हणतो. कोकणात दशावताराचा खेळ रात्रभर चालतो, शिमग्यात खेळे दारोदार येतात, आणि गोमंतकात 'खेळ' हेच एका नाट्यप्रकाराचे नाव आहे. मराठी आणि कोंकणी या दोन्ही भाषांनी कलेला खेळ म्हणण्यात कधी कमीपणा मानला नाही. मग जो खेळ पडद्यावर आपण स्वतः हात घालून खेळतो, ज्यात चित्रकार, संगीतकार, कथाकार आणि यंत्रविशारद वर्षानुवर्षे राबतात, त्यालाच तेवढे पंक्तीबाहेर बसविण्याचे कारण नाही.

या खेळाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगितली पाहिजे. मूळ 'प्रिन्स ऑफ पर्शिया' १९८९ साली प्रसिद्ध झाला. जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणाने तो जवळजवळ एकट्याने 'ॲपल टू' या संगणकासाठी रचला. आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून त्याने धावावयास, उड्या मारावयास, कड्याला लोंबकळावयास लावले. त्याचे चित्रण केले, आणि त्या चित्रणातील एकेक आकृती कष्टाने पडद्यावर उतरवून घेतली. तलवारीच्या हालचाली त्याने रॉबिन हूडवरील १९३८ सालच्या चित्रपटातील द्वंद्वावरून घेतल्या. संगीत त्याच्या वडिलांनी दिले. एका तासाच्या आत राजपुत्राने बंदिखान्यातून निसटून राजकन्येला सोडवावयाचे, एवढेच त्याचे कथानक. परंतु त्या राजपुत्राचे धावणे इतके माणसासारखे होते की, खड्ड्यात पडला की पाहणाऱ्याच्या छातीत धस्स होई. पुढे ज्या मराठी घरांत, कचेऱ्यांत आणि संगणकाच्या वर्गांत यंत्रे आली, तेथे हा राजपुत्रही मागोमाग आला. आज चाळिशी ओलांडलेल्या पुष्कळांनी शिकवणीच्या वेळात चोरून त्याला पळविले आहे.

२००३ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथील चमूने मेक्नरच्याच साहाय्याने या राजपुत्राला नवा अवतार दिला. तोच 'सँड्स ऑफ टाइम'. या कथेचा आरंभ भारतात होतो, ही गोष्ट आपल्याकडे फारशी लक्षात घेतली जात नाही. इराणचा राजपुत्र पित्याच्या सैन्यासह एका महाराजाच्या राजवाड्यावर चालून येतो आणि लुटीत एक खंजीर मिळवितो. त्या खंजिराच्या मुठीत काळाची वाळू भरलेली असते, आणि मूठ दाबताच घडलेले काही क्षण मागे फिरतात. पाऊल चुकून राजपुत्र दरीत कोसळला तर खेळणाऱ्याने काळ मागे घ्यावा आणि तोच क्षण पुन्हा जगून पाहावा, ही या खेळातील अपूर्व कल्पना. पुढे एका कपटी वजिराच्या बोलण्याला भुलून राजपुत्र सगळी वाळू मोकळी करतो, अनर्थ ओढवतो, आणि महाराजाच्या फराह नावाच्या कन्येच्या सोबतीने तो निस्तरू पाहतो. शेवटी फराह मरण पावते. तेव्हा राजपुत्र काळ इतका मागे नेतो की, झालेले सारेच घडेनासे होते. अनर्थ टळतो, फराह जिवंत होते. परंतु तिला त्यातले काहीही आठवत नाही. सोबत काढलेल्या त्या भयंकर रात्रीची आठवण जगात एकट्या राजपुत्राला उरते. तो तिच्या महालात जाऊन सारी कथा तिला सांगतो, आणि तिला ती केवळ कल्पित गोष्ट वाटते. निघताना तो एकच शब्द उच्चारतो, जो तिने लहानपणापासून मनात जपलेला आणि त्या पुसल्या गेलेल्या रात्रीच त्याला सांगितलेला असतो: 'काकोलुकिया'.

हा शब्द कानी पडताच मराठी वाचकाला पंचतंत्रातील तिसऱ्या तंत्राचे, काकोलूकीयाचे, नाव आठवल्यावाचून राहणार नाही. कावळे आणि घुबडे यांच्या वैराची ती कथा. खेळ रचणाऱ्याच्या मनात काय होते याचा तर्क आम्ही करीत नाही. पण योगायोग असला तरी तो अर्थपूर्ण आहे. पंचतंत्राची मूळ संहिता आज आपल्याजवळ नाही. सहाव्या शतकात बुर्झोय या इराणी पंडिताने तिचे पहलवी भाषांतर केले, तेही नाहीसे झाले. पण त्या भाषांतरावरून आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने रचलेले अरबी 'कलीला व दिम्ना' टिकले, आणि त्यातून त्या कथा युरोपभर गेल्या. मूळ गेले, पहिली पुनर्रचना गेली, दुसरी राहिली. तेव्हा जुन्या कृतीची पुनर्निर्मिती म्हणजे कल्पनेचे दारिद्र्य, असे सरसकट म्हणण्याची घाई करू नये. वस्तू जिवंत राहण्याची ती एक पुरातन रीत आहे.

आपण तिला जीर्णोद्धार म्हणतो. गोमंतकातील वाचकांस त्याचे मर्म वेगळे समजावून सांगावयास नको. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे देऊळ पोर्तुगीज अमदानीत उद्ध्वस्त झाले. देव नदीपलीकडे नार्वे येथे गेला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तेथे देवळाचा जीर्णोद्धार करविला. कुशस्थळीचा मंगेश १५६० साली प्रियोळास आला. दगड बदलले, गाव बदलले, दीपमाळ नवी झाली. परंतु भक्ताने हा माझा नव्हे असे म्हटले नाही. जीर्णोद्धार करणाऱ्याला प्रथम ठरवावे लागते की, यातला देव कोणता आणि दगड कोणता. देव हलविला तर नुसती इमारत उरते. दगडालाच देव मानले तर काहीच बांधता येत नाही.

पुण्या-मुंबईच्या कलावंतांपुढे नेमका हाच पेच होता. १० सप्टेंबर २०२० रोजी त्यांच्या कामाची पहिली दृश्ये जगापुढे आली. २१ जानेवारी २०२१ रोजी खेळ प्रसिद्ध होईल, असे तेव्हा सांगण्यात आले होते. दृश्यांवर कठोर टीका झाली. चेहरे आणि प्रकाश आजच्या मानाने जुनाट दिसतात, असा तिचा मुख्य रोख होता. तारीख १८ मार्च २०२१ वर गेली. मग तारीखच उरली नाही. मे २०२२ मध्ये काम मूळ खेळ घडविणाऱ्या मॉन्ट्रियलकडे सोपविले गेले. जून २०२४ मध्ये २०२६ चा वायदा करण्यात आला. आणि जो दिवस पाच वर्षांपूर्वी प्रकाशनासाठी मुक्रर झाला होता, बरोबर त्याच २१ जानेवारीला काम रद्द झाले. कारण असे देण्यात आले की, अपेक्षित दर्जा गाठता आला नाही, तो गाठण्यास लागणारा आणखी काळ व पैसा जबाबदारीने देता येण्यासारखा नव्हता, आणि मूळ कृतीच्या लौकिकास उणे ठरेल असे काही बाहेर आणावयाचे नव्हते.

आता या निर्णयाचा न्याय करावयाचा तर आपल्या शास्त्रकारांच्या रीतीने प्रथम पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. तो तीन अंगांचा आहे. पहिले असे की, सुमार काम लोकांच्या माथी न मारणे हा दोष नसून गुण आहे. खंडित मूर्ती देव्हाऱ्यात ठेवीत नाहीत, तिचे विसर्जन करतात. दुसरे असे की, काम करणाऱ्यांना त्यांचे वेतन मिळाले. वेतन देऊन घेतलेल्या वस्तूचे काय करावे हे घेणाऱ्याने ठरवावे. तिसरे असे की, २००३ चा मूळ खेळ कोठे गेलेला नाही. ज्याला राजपुत्र हवा त्याने तो खेळावा. अर्थात कोणाचेच काही हरवलेले नाही.

यांतील दुसरे अंग आम्ही आधी घेतो, कारण ज्या मसाटमध्ये बसून आम्ही हे लिहीत आहोत तेथे त्याचे उत्तर रोज डोळ्यांसमोर असते. सिल्वासाजवळचे हे गाव आता औद्योगिक वसाहतीच्या नावाने ओळखले जाते. या टापूत सूत निघते, प्लास्टिकच्या वस्तू निघतात. पाळीचा भोंगा होतो आणि नाना प्रांतांतली माणसे डबे घेऊन फाटकातून आत-बाहेर करतात. साच्यातून निघालेली बादली वाकडी असली तर ती बाजूला काढतात, दळून तिचा चुरा करतात आणि तो पुन्हा यंत्रात घालतात. त्या बादलीबद्दल कोणी अश्रू ढाळीत नाही. मग पुण्याच्या चित्रकाराने घडविलेल्या राजवाड्याबद्दल एवढा कळवळा का, असे येथील कामगार आम्हांस विचारू शकेल, आणि तो प्रश्न रास्त आहे. चित्रकार कोणी उच्च जातीचा श्रमिक नव्हे.

परंतु जरा पाहू. वाकडी बादली कामगाराच्या समोर बाजूला काढली जाते. तिचा काठ कोठे पातळ राहिला, हे मुकादम बोटाने दाखवितो. आणि त्याच पाळीत निघालेल्या शेकडो सरळ बादल्या गाड्यांत भरून जातात. कोठल्यातरी विहिरीवर, कोठल्यातरी न्हाणीघरात त्या भरल्या-रिकाम्या होतात. कामगाराचे नाव त्यांवर नसते हे खरे, पण वस्तू वापरात आली ही त्याच्या श्रमाची साक्ष असते. सणासुदीला गावी गेला असता दुकानात तीच बादली टांगलेली पाहून तो मुलाला सांगू शकतो की, ही आमच्याकडची. वेतनाने त्याचे पोट भरते. हे सांगता येणे त्याला वेतनाखेरीज मिळते, आणि ते कोणत्याही पगारपत्रकात लिहिलेले नसते. रद्द झालेल्या खेळाच्या कर्त्याला नेमके हेच मिळत नाही. चित्रपटाप्रमाणे खेळाच्याही शेवटी कर्त्यांची नामावळी झळकते. पण जो खेळ प्रसिद्धच झाला नाही त्याला शेवट नसतो आणि म्हणून नामावळीही नसते. त्यातच या धंद्यात गोपनीयतेचे करार असतात. वर्षानुवर्षे काय केले असे कोणी विचारले तर कर्त्याला मोघम उत्तर द्यावे लागते, आणि पुढची नोकरी मागताना हातचे उत्तम काम दाखविण्याची बहुधा मुभा नसते. म्हणून वेतन दिले म्हणजे सारे देणे फिटले, हा युक्तिवाद हिशेबात बरोबर आणि न्यायात अपुरा आहे.

आता पहिले अंग. सुमार काम न दाखविणे हा गुण आहे, हे आम्ही मान्य करतो. ज्या लेखकाने चांगले न उतरलेले प्रकरण फाडून टाकले, ज्या कुंभाराने कलते मडके स्वतःच्या हाताने मोडले, त्याच्या संयमाला नमस्कार करावा. पण येथे एक भेद डोळ्याआड होतो, आणि आमच्या सर्व प्रतिपादनाचा भार त्याच भेदावर आहे. गीतेने सांगितलेला फलत्याग हा कर्त्याने करावयाचा आहे. फळाची आसक्ती ज्याची, ती सोडण्याचा अधिकारही त्याचाच. दुसऱ्याने येऊन फळ काढून नेले, तर त्यास फलत्याग म्हणत नाहीत. ते फलहरण होय. बाहेरून दोहोंचे रूप एकच दिसते. दोन्ही ठिकाणी काम झालेले असते आणि फळ नसते. परंतु एकात कर्ता मोठा होतो आणि दुसऱ्यात तो पुसला जातो. निष्काम कर्माचा उपदेश आपल्या देशात कित्येकदा अशा माणसांना केला गेला आहे की, ज्यांच्या कामनेला कधी वावच मिळालेला नव्हता. नोकराला अनासक्ती शिकविणारा धनी स्वतः मात्र नफ्यावर आसक्त असतो, ही विसंगती आपण फार सहज पचविली. गीतेचा आधार घेऊन कोणी पुण्याच्या कलावंतांना म्हणेल की, काम केलेत ना, मग फळाची अपेक्षा कशाला? त्याला आम्ही विचारू की, हे सांगण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला?

गीतेचा विषय निघाला आहे तर पुण्याचेच एक उदाहरण आठवते. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहिले. जून १९१४ मध्ये त्यांची सुटका झाली, तेव्हा हस्तलिखित सरकारजमाच होते. ते नंतर परत मिळाले आणि १९१५ साली ग्रंथ छापून निघाला. वह्या परत येणार नाहीत अशी धास्ती स्नेह्यांना वाटत होती. त्यांना टिळकांनी दिलेला धीर प्रसिद्ध आहे: ग्रंथ आपल्या डोक्यात आहे, तो पुन्हा लिहून काढता येईल. कर्मयोगावरील ग्रंथ सरकारने अडकवून ठेवला असताना कर्ता इतका शांत राहू शकला, हा फलत्यागाचा वस्तुपाठच म्हणावा लागेल. तथापि दोन गोष्टी विसरू नयेत. एक अशी की, ती शांती टिळकांची स्वतःची होती. सरकारने ती त्यांच्यावर लादलेली नव्हती, आणि तिच्यामुळे वह्या अडकविणे न्याय्य ठरत नव्हते. दुसरी अशी की, एका माणसाच्या डोक्यातला ग्रंथ तो माणूस पुन्हा लिहू शकतो. अनेकांनी अनेक वर्षे मिळून उभारलेला खेळ कोणा एकाच्याही डोक्यात नसतो. एकाजवळ भिंतींचे रंग असतात, दुसऱ्याजवळ पावलांचे आवाज, तिसऱ्याजवळ राजपुत्राच्या उडीचे गणित. आणि ते सारे ज्या यंत्रांत साठविलेले असते ती यंत्रे त्यांची नसतात. वाट पाहण्याची टिळकांची धीरोदात्तता त्यांनी आणली तरी पुन्हा लिहिण्याचे टिळकांचे सामर्थ्य त्यांच्याजवळ नाही.

तिसरे अंग उरले. मूळ खेळ आहे, मग कोणाचे काय हरवले? यावर कोणी घाईने असे म्हणेल की, नव्याला टिकण्याची संधी मिळाली नाही हेच हरवले. आम्ही तसे म्हणत नाही. टिकणे हा कृतीचा हक्क नव्हे. या दादरा-नगरहवेलीच्या पाड्यांतून आणि पलीकडे पालघर-डहाणूच्या डोंगरांतून वारली स्त्रिया लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मधोमध पालघट देवी असते, भोवती माणसे, झाडे, जनावरे; धवलेरी गाणी म्हणते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. लग्न पार पडते, दिवस जातात, भिंत पुन्हा शेणामातीने सारवली जाते आणि चौक नाहीसा होतो. त्याबद्दल ज्या सवाशिणींनी तो लिहिला त्या खेद करीत नाहीत. त्यांचे काम पूर्ण झालेले असते. कारण देवीने ते पाहिले, नवरा-नवरीने पाहिले, मांडवाखालच्या साऱ्या गोताने पाहिले. त्यांचे चित्र पुसले जाते, पण आधी ते दिसते. आमच्या मते सगळे मर्म येथे आहे. मनुष्याच्या कामाला अमरत्व मिळालेच पाहिजे असे नाही, यशही मिळालेच पाहिजे असे नाही. त्याला साक्षी मिळाला पाहिजे. कोणीतरी ते पाहून बरे किंवा वाईट म्हणाले पाहिजे. निंदा हीदेखील साक्षच आहे. २०२० च्या कठोर टीकेनंतर ज्यांनी पुन्हा कंबर बांधली असेल, त्यांना निदान तेवढी साक्ष लाभली होती. पण त्यानंतर जे सुधारले, जे नव्याने रचले, त्याला निंदाही लाभली नाही.

साक्षी किती थोडे असले तरी चालते, याचे उदाहरण मराठी आणि कोंकणी या दोन्ही भाषांच्या संगमावरच सापडते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले आणि नंतर १६४९ व १६५४ साली पुन्हा निघाले. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज आढळत नाही. परंतु मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते हाताने उतरवून घेतले होते, घरोघर वाचले होते. आणि त्या हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली ते मंगळुरात पुन्हा छापले गेले. छापखाना हरला, वाचक जिंकला. मात्र वाचक जिंकावयाचा तर ग्रंथ एकदा तरी वाचकाच्या हाती पडलेला असावा लागतो.

मेक्नरच्या पहिल्या खेळाचीही कथा अशीच आहे. त्याची मूळ संहिता, म्हणजे यंत्राला दिलेल्या सूचनांची त्याच्या हातची प्रत, हरवली असे तो समजून होता. २०१२ साली त्याच्या वडिलांना घरातील अडगळीत जुन्या तबकड्यांची एक पेटी सापडली. जाणत्या मंडळींच्या मदतीने त्या वाचल्या गेल्या, आणि मेक्नरने ती संहिता सर्वांसाठी खुली केली. आज कोणीही विद्यार्थी ती उघडून अभ्यासू शकतो. हे साधले, कारण पेटी बापाच्या घरात होती. पुण्याच्या कलावंताला असा बाप नाही. त्याची पेटी कंपनीच्या कुलपात आहे.

मग करावे काय? कंपनीने तोट्याचा धंदा करीतच राहावे, असे आमचे म्हणणे नाही. काम थांबविण्याचा अधिकार आम्ही नाकारीत नाही. थांबविलेले काम नाहीसे करण्याचा अधिकार नाकारतो. आमच्या मते अशा वेळी तीन ऋणे फेडावयाची राहतात. पहिले नावाचे. खेळ प्रसिद्ध न झाला तरी तो घडविणाऱ्यांची संपूर्ण नामावळी प्रसिद्ध करावी; तिला खर्च येत नाही आणि तिच्यामुळे कोणतेही व्यापारी रहस्य फुटत नाही. दुसरे दर्शनाचे. ज्याने जे घडविले ते त्याने आपले म्हणून दाखवावे, एवढी मोकळीक ठरावीक मुदतीनंतर द्यावी. तिसरे निक्षेपाचे. अपुऱ्या अवस्थेतील काम जसेच्या तसे एखाद्या सार्वजनिक संग्रहात ठेव म्हणून ठेवावे आणि काही वर्षांनी अभ्यासकांस खुले करावे.

ही मागणी कोणास हवेतली वाटेल. पण १९५४ च्या कायद्याने आपल्या देशात छापलेल्या प्रत्येक ग्रंथाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयास द्यावी लागते, हे आपण केव्हाच स्वीकारले आहे. १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले. पी. के. नायर यांनी तेथे जुन्या रिळांचा ध्यास घेतला, म्हणून फाळक्यांच्या 'कालिया मर्दन'मधील बाळकृष्ण आज आपल्याला पाहावयास मिळतो. त्या काळी चित्रपटालाही पुष्कळ शहाणी माणसे पोरखेळच म्हणत होती. रहस्याची अडचण असेल तर तिलाही तोड आहे. शोध लावणाऱ्याला पेटंटने २० वर्षांचे संरक्षण मिळते, ते शोध जगापुढे मांडण्याच्या अटीवरच. रक्षण आणि प्रकाशन यांचा मेळ तेथे बसतो, तर येथे का बसू नये?

या सर्वांत कर्त्यांचेही एक कर्तव्य आहे, ते सांगितले नाही तर आमचे म्हणणे एकांगी होईल. फळ गेले तरी हाताला आलेले कसब जात नाही. उडीचे गणित ज्याला एकदा साधले, त्याची पुढची उडी अधिक नेमकी पडते. हे समाधान खरे आहे, आणि ज्याला ते मिळविता येईल त्याने अवश्य मिळवावे. उरलेला फलत्याग त्याने तेथे करावा. परंतु ते त्याने आपल्या एकांतात मिळवावयाचे आहे. ज्यांनी कुलूप लावले त्यांनी त्याला ते शिकवू नये, आणि आपण त्रयस्थांनीही ते पुढे करून स्वतःची सुटका करून घेऊ नये. आपल्या वाट्याला आलेले काम निराळे आहे.

ते काम कोणते, हे त्या खेळाच्या शेवटातच सांगितलेले आहे. राजपुत्राने काळ मागे फिरविला, तेव्हा त्याची सारी रात्र जगाच्या लेखी घडलीच नाही. पुण्यात आणि मुंबईत आज काही माणसे अशी आहेत की, ज्यांना एका राजवाड्याचे सगळे जिने, सगळे सज्जे, पहाटेच्या उजेडाची तिरीप कोणत्या खांबावर पडते तेथपर्यंत ठाऊक आहे, आणि तो राजवाडा कोठेच नाही. फराहने राजपुत्राचे सगळे ऐकून घेतले आणि ते खरे मानले नाही. निदान तिने ऐकून घेतले. ही माणसे आपल्याच घरांतली, आपल्याच भाषेत बोलणारी आहेत. त्यांपैकी कोणी जेवताना सहज म्हणाला की, मी तेव्हा एका मोठ्या कामावर होतो, तर हा कसला पोरखेळ असे न म्हणता त्याला काय केले होते ते विचारावे. नाव, दर्शन आणि निक्षेप कंपन्यांकडून व सरकारकडून मिळवावयास वेळ लागेल. एवढे मात्र आजच करता येण्यासारखे आहे.